तब्येत सुधारते तेव्हा

सुरत शहराच्या पूर्वेकडील अंगाला पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. नावावरून तेथे डोंगर शोधू जाणाऱ्याची निराशा व्हावयाची. पर्वत हे तेथील मूळ गावाचे नाव, आणि गुजरातीत पाटिया म्हणजे हमरस्त्यावरून गावाकडे वाट फुटते तेथे लावलेली गावाच्या नावाची पाटी. आता ते गाव शहरात मिसळून गेले आहे आणि त्या पाटीभोवती सोसायट्या, दुकाने व कापडाची गोदामे यांची दाटी झाली आहे. जवळची मिठी खाडी पावसाळ्यात फुगली म्हणजे या वस्तीतले रस्ते पाण्याखाली जातात. शेजारच्या लिंबायत, गोडादरा, डिंडोली या भागांप्रमाणे येथेही मराठी कानी पडते, आणि त्या मराठीत बहुधा अहिराणीचा सूर असतो. उधन्याहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर अशी स्थानके घेत जातो. त्या स्थानकांच्या आसपासच्या खेड्यांतून गेली कित्येक दशके माणसे पोटामागे सुरतेस येत आहेत. कोणी कापडबाजारात गठ्ठे वाहतो, कोणी रंगाई-छपाईच्या मिलमध्ये पाळी करतो, कोणी रिक्षा चालवतो, आणि एखाद्या घरातील दुसरी पिढी आता दुकानाच्या गादीवरही बसली आहे.

अशा घरातील मुलगा वर्षा-दोन वर्षांनी गावी गेला म्हणजे ओट्यावर बसलेली आजी त्याला खालीवर न्याहाळते आणि समाधानाने म्हणते, ‘‘तुले सुरतनं पानी मानवनं रे भाऊ!’’ शेजारची माणसे म्हणतात, तब्येत सुधारली. आपल्या भाषेने या ठिकाणी मोठी गंमत केली आहे. माणूस रोगातून उठला तरी त्याची तब्येत सुधारली, आणि त्याच्या पोटाचा घेर वाढला तरीही तब्येत सुधारलीच! ‘खात्यापित्या घरचा’ हा शब्दप्रयोग मुलीचे स्थळ पाहताना आजही आदराने वापरला जातो. ज्या समाजाने दुष्काळ पाहिले, ज्याच्या आजीने कण्या शिजवून दिवस काढले, त्या समाजाला भरलेले अंग हे लक्ष्मीचे लक्षण वाटावे यात नवल नाही. परंतु त्याच भरलेल्या अंगाच्या माणसाला चाळिशीच्या आत मधुमेहाची गोळी सुरू होते तेव्हा ‘सुधारली’ या शब्दाचा फेरविचार करणे भाग पडते.

हा प्रश्न एकट्या सुरतेचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हेच प्रमाण २४ टक्के झाले. पुरुषांत ते ९ टक्क्यांवरून जवळजवळ २३ टक्क्यांवर गेले. शहरांतील स्त्रिया वेगळ्या काढल्या तर तिघींत एक भरते. नुसत्या पोटाचा घेर मोजला तेव्हा तर दर दहा स्त्रियांत चौघींचा घेर धोक्याच्या रेषेपलीकडे निघाला. पंधरा वर्षांत प्रमाण दुप्पट व्हावे एवढ्या वेगाने माणसाचे बीज बदलत नाही आणि स्वभावही बदलत नाही. तेव्हा ‘लोक आळशी झाले, जीभ सैल सुटली’ असे म्हणून मोकळे होणे हे उत्तर नव्हे.

७ मार्च २०२५ हा दिवस या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सिल्वासा येथे रुग्णालयाचे उद्‌घाटन करताना लठ्ठपणाच्या संकटाविषयी सांगितले. २०५० सालापर्यंत देशातील ४४ कोटींहून अधिक लोक लठ्ठ होतील असा एका अहवालाचा अंदाज त्यांनी पुढे ठेवला आणि घरोघरी तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा असे आवाहन केले. त्याच दिवशी ते सुरतेस आले आणि पर्वत पाटियाला लागूनच असलेल्या लिंबायत येथे अन्नसुरक्षा योजनेचा लाभ दोन लाखांहून अधिक गरजूंना देण्याचा कार्यक्रम झाला. एकाच दिवशी एका ठिकाणी अतिपोषणाची चिंता आणि दुसऱ्या ठिकाणी धान्याचे वाटप! वरवर पाहता यात विसंगती दिसते. वस्तुतः या दोन गोष्टी एकाच वस्तीत, पुष्कळदा एकाच घरात आणि कधी कधी एकाच देहात नांदत असतात. त्या कशा, हे पाहिल्याशिवाय लठ्ठपणाचे कोडे उलगडत नाही.

आपल्याकडील जुन्या वैद्यांना हा विकार अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंदित म्हणून ज्या आठ प्रकारच्या शरीरांचा उल्लेख आहे, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन्ही आहेत. आणि या दोघांत कृश बरा, स्थूल अधिक संकटात, असा निर्वाळा दिलेला आहे. स्थूलतेची कारणे सांगताना अति खाणे, जड, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप आणि बीजाचा स्वभाव ही तर दिलीच आहेत. शिवाय चिंता नसणे हेही एक कारण सांगितले आहे. हे शेवटचे कारण मात्र आज पटत नाही. हप्ता, भाडे, शाळेची फी यांच्या चिंतेने ज्याची झोप उडाली आहे असा माणूसही आता लठ्ठ होतो. दिवसा झोपण्याचे म्हणाल तर रात्रपाळीच्या कामगाराला दुसरा मार्गच नाही. बाराबारा तासांच्या पाळ्या जेथे चालतात तेथे झोपेची वेळ माणूस ठरवीत नाही, मिल ठरवते. रात्री जागणाऱ्याला आणि कमी झोपणाऱ्याला भूक अधिक लागते, आणि तीही गोड व तळलेल्या पदार्थांची, असे आजचे शास्त्रही सांगते.

लठ्ठपणाच्या कारणांत ‘बसणे’ या कारणाचा विचार सर्वांत आधी करावयास हवा, आणि त्यासाठी सुरतेसारख्याच एका कापडगिरणीच्या, म्हणजे तागाच्या गिरणीच्या, गोष्टीकडे वळावे लागेल. कलकत्त्याजवळ चेंगाइल येथे लडलो कंपनीची ज्यूट गिरणी होती. तेथील दोनशेहून अधिक माणसांचे खाणे, वजन आणि काम यांचा अभ्यास जाँ मेयर या पोषणशास्त्रज्ञाने रॉय व मित्रा या सहकाऱ्यांसह केला आणि तो १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्यांना काय आढळले? हलके काम करणाऱ्यापासून ओझी वाहणाऱ्यापर्यंत जसजसे काम वाढत गेले तसतसे माणसाचे खाणेही वाढत गेले, परंतु वजन फारसे बदलले नाही. शरीर आपला जमाखर्च आपणच बिनचूक ठेवीत होते. मात्र जे दिवसभर बसून असत, म्हणजे कारकून आणि विशेषतः गिरणीच्या बाजारातील दुकानदार, त्यांचा हिशेब बिघडलेला होता. ते सर्वांत कमी हालचाल करीत; पण खात होते मात्र ओझेवाल्याइतके, आणि त्यांची वजने इतरांहून पुष्कळच अधिक होती. याचा अर्थ असा की काम कमी झाले म्हणून भूक त्या मानाने कमी होईलच असे नाही. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचे यंत्रच लबाडी करू लागते.

त्याच सुमारास लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली होती. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होत होता. पुढे त्यांनी कंपनीने दिलेल्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा कोणत्याही वयात चालकाची विजार वाहकाच्या विजारीपेक्षा कमरेत मोठी निघाली. शिंप्याच्या वहीतून निघालेले हे संशोधन कापडाच्या शहरात सांगण्याजोगे आहे.

आता पर्वत पाटियाकडे परत यावे. ज्या बापाने खांद्यावर गठ्ठे वाहून संसार उभा केला, त्याचा मुलगा आज रिंग रोडवरील बाजारात गादीवर बसून फोनवर माल विकतो. सकाळी दुचाकीने जातो, उद्वाहनाने वर चढतो, रात्री दुचाकीने परततो. बापाचे ताट मात्र त्याने वारशात घेतले आहे. त्याच्या घरी त्याची पत्नी स्वयंपाकपाणी आटोपून साड्यांच्या ढिगापुढे बसते. साडीला लेस लावणे, टिकल्या व खडे चिकटवणे, लोंबते धागे कापणे हे काम सुरतेच्या या भागांतील हजारो बायका घरी बसून करतात. मजुरी नगावर असते. उठले की नग कमी होतात आणि नग कमी झाले की पैसे कमी होतात. पाठ वाकवून, पाय दुमडून पाच-सहा तास एका जागी बसलेली ही स्त्री आळशी आहे असे कोण म्हणेल? ती दिवसभर राबते आहे. फक्त तिच्या श्रमात बोटांखेरीज दुसरा कोणताच स्नायू हलत नाही. गावी असती तर निंदणी, कापणी, पाणी, सरपण यांत तिचे दहा-बारा हजार पावले चालणे सहज झाले असते. ते जीवन सुखाचे होते असे नव्हे. त्या कष्टातून सुटण्यासाठीच तर ही माणसे येथे आली. देशातील प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ५७ टक्के आणि पुरुषांपैकी ४२ टक्के पुरेशी हालचाल करीत नाहीत, असा २०२२ सालचा अंदाज आहे. स्त्रियांचा आकडा मोठा का, याचे उत्तर या साड्यांच्या ढिगाऱ्यात दडलेले आहे.

दुसरी गोष्ट ताटातली. खानदेशात रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, ठेचा, उडदाची डाळ, भरीत. गहू हे सणाचे धान्य. कानबाईचे रोट, पुरणाचे मांडे, वरणबट्टी हे सारे वर्षातून मोजक्या वेळी होई आणि त्या वेळी माणसे पोटभर जेवत. त्यात काही बिघडत नसे. सुरतेत आल्यावर हा क्रम उलटा झाला. स्वस्त धान्य दुकानात मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी वाण्याकडून विकत घ्यावी तर ती महाग. शिवाय भाकरी थापायला वेळ हवा आणि हात हवा. चपाती तेल लावून पटकन होते. सणाची शेवभाजी आता आठवड्याची झाली आहे, कारण शेव कोपऱ्यावर केव्हाही मिळते. सण वाईट नव्हते. सण रोजचे झाले हे वाईट झाले.

त्यात सुरत हे खवय्यांचे शहर. सुरतेचे जमण आणि काशीचे मरण, अशी म्हणच आहे. चांदी पडव्याला घारी व भुसू खाण्यासाठी येथे माणसे कुटुंबासह रस्त्याकडेला बसतात. लोचो, खमण, सेवखमणी, रविवारी फाफडा-जिलबी ही या शहराची शान आहे, आणि तिला नावे ठेवणारा करंटा म्हटला पाहिजे. पण ज्या सुरती कुटुंबाने हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले त्याच्या घरी त्यांच्याबरोबर खाण्याची एक शिस्तही होती. बाहेरून आलेल्या माणसाने पदार्थ तेवढे उचलले. पहाटेच्या गाडीवरचा लोचो हा त्याचा नाश्ता झाला, त्यावर तेल आणि शेव, दुपारी डबा, चारला पुन्हा काही तळलेले. आणि चहा! बाजारात व्यवहार चहावरच होतात. दिवसाचे पाच-सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहावे असे सुचवले आहे. शीतपेयाची एक छोटी बाटली घेतली की तेवढ्यानेच ती मर्यादा ओलांडली जाते.

तेलाचा हिशेब मात्र सविस्तर केला पाहिजे, कारण सर्वांत मोठी गळती तेथेच आहे. एक ग्रॅम धान्यातून शरीराला सुमारे चार उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तेलातून नऊ. एका मोठ्या चमच्याभर तेलात सव्वाशेच्या आसपास उष्मांक असतात, आणि ते चालून जाळावयाचे तर सुमारे अर्धा तास झपझप चालावे लागते. नीती आयोगाच्या अहवालानुसार देशात माणशी वर्षाला सुमारे १९.७ किलो खाद्यतेल खपते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची शिफारस सुमारे १२ किलोंची आहे. गुजरातेत सिंगतेल असो वा कपाशीचे तेल, घरोघरी पंधरा किलोचा डबा आणण्याची पद्धत आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला १२ किलोंच्या मानाने वर्षाला ६० किलो तेल, म्हणजे बरोबर चार डबे पुरले पाहिजेत. एक डबा, तीन महिने. ज्या घरात डबा दोन महिन्यांत तळाला जातो त्या घराला आपला रोग कोठे आहे हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही.

आता वर उल्लेखिलेले कोडे. गरिबी आणि लठ्ठपणा एका देहात कसे राहतात? याचा शोध पुण्यात लागला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांतील गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करीत आले आहेत. त्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, त्यांचे स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला काटकुळे बाळ आतून मेद साठवूनच जन्माला येते. अर्धपोटी आईच्या उदरात वाढताना ते जणू पुढच्या दुष्काळाची तयारी करते. पुढे दुष्काळ येत नाही, येतो तो बिस्किटाचा पुडा.

याच डॉ. याज्ञिकांचे त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत घेतलेले एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि जगभर गाजले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. कोणत्याही तक्त्याप्रमाणे दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज गृहस्थांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. म्हणूनच आपल्या लोकांसाठी रेषा अलीकडे ओढल्या आहेत. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा हा निर्देशांक पाश्चात्त्यांना ३० च्या पुढे लठ्ठ ठरवतो, भारतीयांना २५ पासून. दीड मीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ५६ किलोंपलीकडे गेले की ती या रेषेवर आली. पर्वत पाटियाच्या सोसायटीत अशा वजनाच्या बाईला कोणी लठ्ठ म्हणणार नाही, आणि धोका नेमका येथेच आहे.

याला जोडून आणखी एक आकडा सांगितला पाहिजे. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत गुजरातमधील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ६५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे अंगावर चरबी आणि रक्तात लोह नाही, अशा कित्येक जणी आहेत. गहू, तांदूळ, तेल, साखर यांनी पोट भरते, भूक मरते. पण डाळ, पालेभाजी, दूध, अंडी ताटात नसतील तर देह उपाशीच राहतो. घरात डाळ कमी पडली तर ती कोणाच्या वाटीतून कमी होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा बाईला ‘कमी खा’ एवढाच सल्ला देणे हा क्रूरपणा आहे. तिला काही गोष्टी कमी आणि काही गोष्टी अधिक खावयास हव्यात.

उपायांचा विचार करताना ही सारी परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवावी लागते. व्यायामशाळेची वर्गणी, परदेशी बिया, डब्यातील भुकट्या ही या वस्तीची औषधे नव्हेत. २०२५ साली वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शने भारतात विक्रीस आली. ती गुणकारी आहेत आणि ज्यांना डॉक्टर सांगतील त्यांनी ती जरूर घ्यावीत, पण ती आली तेव्हा त्यांचा महिन्याचा खर्च बाजारातील नोकराच्या महिन्याच्या पगाराच्या जवळ जात होता. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. तीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने वैद्याला विचारल्याशिवाय ती धरू नये. तथापि तिचा एक गुण मान्य करावा लागतो. तिला पैसे लागत नाहीत, आणि मधल्या वेळचा चहा-बिस्किटांचा रतीब ती बंद करते.

घरापुरते पाहिले तर डब्यापासून आरंभ करावा. नवा डबा फोडताना त्याच्यावर तारीख लिहावी आणि तो तीन महिने पुरवावा. कढईत डब्यातून तेल ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घालावे. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. चहातील साखर एकदम बंद करण्याचे व्रत चार दिवसांत मोडते. दोनाचा दीड, दीडाचा एक असे उतरत जाणे टिकते. भाकरी रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस थापावी; ज्वारी महाग पडते हे खरे, पण शेव-फरसाणाच्या एका पुड्याचे पैसे वाचवले तर तिची भरपाई होते. भाकरीबरोबर डाळ घट्ट असावी. खानदेशच्या माणसाला हे नव्याने शिकवावयाचे नाही, फक्त आठवण द्यावयाची आहे. लेस लावणाऱ्या बाईने प्रत्येक दहा-बारा नगांमागे उठून गच्चीपर्यंत जिना चढून यावे. मजुरी थोडी बुडेल हे खरे. गुडघे आणि पाठ यांच्या औषधाला मात्र त्याहून अधिक लागते.

पण सारा भार बाईच्या शिरावर टाकून चालणार नाही. चालावे, चालावे असे सगळेच सांगतात, चालावयाचे कोठे? पदपथावर दुकान मांडलेले, रस्त्यावर टेंपो उभे, पावसाळ्यात खाडीचे पाणी. सुरतेने १९९४ सालच्या प्लेगनंतर आपले रस्ते आणि गटारे अशी झाडून काढली की देशाने तिचे उदाहरण घ्यावे. त्या शहराला मजुरांच्या वस्तीत सावलीचा एक सलग पदपथ करणे अशक्य नाही. तो झाला तर पर्वत पाटियाहून कापडबाजाराकडे पायी किंवा सायकलने जाणारे पुष्कळ निघतील; पेट्रोलचे पैसे वाचवणे कोणाला नको आहे?

सरकारने काही पावले टाकली आहेत, आणि त्यांत एक चमत्कारिक विसंगती राहिली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखरेच्या शीतपेयांवर ४० टक्के कर ठरला. हे योग्यच झाले. मेक्सिकोने २०१४ साली अशा पेयांवर लहानसा कर बसवला तेव्हा पुढील दोन वर्षांत त्यांची खरेदी साडेसात टक्क्यांच्या आसपास घटली होती. परंतु त्याच दिवसापासून आपल्याकडे पाकिटबंद भुजिया व फरसाण यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गोड महाग आणि तळलेले स्वस्त! चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी अधिक असलेल्या पाकिटांवर काळ्या अष्टकोनी खुणा छापावयास लावल्या. न वाचता येणाऱ्यालाही ती खूण कळते. आपल्याकडे पाकिटाच्या पाठीमागे बारीक इंग्रजी अक्षरे असतात, ती वाचावयास भिंग हवे.

शाळांकडून मात्र खरी आशा आहे. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत अतिरिक्त साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० सालीच झाला आहे. फाटकासमोर उभ्या असलेल्या गाडीवाल्याचेही पोट आहे. त्याला हुसकण्यापेक्षा भाजलेले शेंगदाणे, उकडलेला मका, चणे, पेरू विकावयास लावणे अधिक शहाणपणाचे. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावण्यास सांगितले. कोणत्या पेयात किती चमचे साखर असते ते त्यावर मुलांना दिसते. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. तेथे असा फलक मराठीत लागला तर पाचवीतील मुलगा घरी जाऊन आईच्या तेलाच्या डब्याचा भागाकार नक्की करील. घरात वडीलधाऱ्यांचे न ऐकणारी माणसे मुलाच्या गणितापुढे निरुत्तर होतात.

आणि मोजण्यासाठी वजनकाटा नसला तरी अडत नाही. लेसचे माप घेण्यासाठी या घरांत टेप असतेच. उभे राहावे, श्वास सहज सोडावा, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, साडीच्या निऱ्यांवरून नव्हे तर उघड्या अंगावर, टेप आडवी फिरवावी; ती आवळू नये आणि पोट आत ओढू नये. स्त्रीच्या बाबतीत ८० सेंटिमीटर आणि पुरुषाच्या बाबतीत ९० सेंटिमीटर ही रेषा आहे. तिच्यापुढे आकडा गेला असेल तर वस्तीतील महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन ही तिन्ही तपासून घ्यावीत. तो आकडा तारखेसह भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावा, आणि पुढच्या महिन्याचे पान उलटताना टेप पुन्हा काढावी.